बारा व्होल्टची वाट

गीझरच्या जाड पिनांच्या सॉकेटमधून फार तर १६ अँपिअर करंट घेता येतो. त्यापलीकडे गेलात की एमसीबी पडतो. टेबलाखालच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड मात्र पूर्ण जोरात चालतं तेव्हा त्यावरच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या चिपमध्ये १०० अँपिअरहून जास्त करंट शिरत असतो. तोही त्याच घरातून, भिंतीतल्या त्याच वायरमधून आलेला. ठिणगी नाही, वास नाही, फक्त पंख्यांची घरघर. हा काय प्रकार आहे, ते मी जव्हारला भाच्याचा जुना कॉम्प्युटर उघडून बसलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

बहिणीचं घर शिरपामाळाच्या बाजूला आहे. १६६४च्या सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचं जव्हारच्या विक्रमशहा राजांनी याच माळावर स्वागत केलं, असं इथे घरोघरी सांगतात. भाच्याला जव्हारच्या जयविलास राजवाड्याची त्रिमितीय प्रतिकृती करायची आहे. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर त्याने खांब, कमानी, घुमट एकेक करून उभे केले. पण दगडावर संध्याकाळचं ऊन पडलेलं दाखवायचं म्हटलं की एकेका चित्राला अख्खी रात्र जायची. कॉम्प्युटर चार कोअरचा, इंटेलच्या तिसऱ्या पिढीतल्या आय-फाइव्हचा, म्हणजे २०१२च्या सुमाराचा. पण धडधाकट. तो मोडीत काढायला मन होईना. मग मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून दोन वस्तू आणल्या : आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आणि नवा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा.

रात्र का लागते, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. १९२० गुणिले १०८० टिंबांचा पडदा म्हणजे २०,७३,६०० टिंबं. उन्हाचा खरेपणा आणायचा तर प्रत्येक टिंबामागे शंभरेक प्रकाशकिरण सोडायचे. प्रत्येक किरण कुठल्या दगडावर आदळला, तिथून कुठे वळला, किती फिका झाला, हे सगळं मोजायचं. म्हणजे वीस कोटींहून जास्त किरण, आणि प्रत्येकाच्या वाटेत अनेक वळणं. चार कोअर हुशार खरे, पण चारच. ३०६०च्या चिपवर ३,५८४ छोटे कोअर आहेत. त्यांतला एकेक साधाच, मुख्यतः गुणाकार-बेरीज करणारा. पण ते हजारो किरणांचा हिशोब एकाच वेळी करतात. पडद्यावरचं ऊन म्हणजे शेवटी अब्जावधी गुणाकार आणि बेरजा आहेत, हे कळल्यावर त्या चित्राकडे पाहण्याची नजरच बदलते.

कार्डाचं कौतुक सगळेच करतात. माझा जीव मात्र जडला एसएमपीएसवर. कॅबिनेटच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा. बंद पडेपर्यंत त्याची कुणी आठवण काढत नाही. पण देशभरच्या विजेला चिपच्या तोंडी देता येईल इतकं मवाळ करायचं काम तोच करतो.

जव्हारच्या सॉकेटमधली वीज कुठल्या धरणाची किंवा कुठल्या कोळशाची, ते सांगता येत नाही. मोखाड्याच्या बाजूला अप्पर वैतरणा प्रकल्पाचा ६० मेगावॉटचा जलविद्युत संच आहे. त्याची वीजही देशभरच्या ग्रीडच्या महासागरात मिसळते. ३१ डिसेंबर २०१३ला सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाशी एका तालावर आलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळी जनित्रं एकाच लयीत फिरतात, सेकंदाला ५० आवर्तनं. ती लय भाच्याच्या टेबलामागच्या सॉकेटपर्यंत पोहोचते. आणि एसएमपीएस पहिलं काम करतो ते ही लय मोडायचं.

२३० व्होल्टची ही वीज खरं तर शून्यापासून ३२५ व्होल्टच्या शिखरापर्यंत चढत-उतरत असते. डब्यातले डायोड तिला एकाच दिशेला वळवतात आणि एक जाडजूड कपॅसिटर ती साठवून सपाट करतो. मग एक ट्रान्झिस्टर या सपाट विजेचे तुकडे पाडतो, सेकंदाला लाखभर वेळा. सरळ केलेलं पुन्हा कशाला तोडायचं? कारण ट्रान्सफॉर्मर जितक्या वेगवान आवर्तनांवर चालेल तितका तो लहान करता येतो. घरातल्या जुन्या स्टॅबिलायझरचं वजन आठवा. ५० आवर्तनांवर चालायचं म्हणून त्यात लोखंडाचा तो गोळा. इथे तेवढंच काम काडेपेटीहून थोडा मोठा फेराइटचा ठोकळा करतो.

त्या ठोकळ्यापाशी आणखी एक नवल आहे. ३२५ व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये वीज वाहून नेणारी तार नाही. ऊर्जा पलीकडे जाते ती चुंबकीय क्षेत्रातून. मग पलीकडे बारा व्होल्ट भरले की साडेअकरा, हे अलीकडच्या ट्रान्झिस्टरला कसं कळावं? त्याला प्रकाश सांगतो. ऑप्टोकपलर नावाच्या चार पायांच्या काळ्या तुकड्यात एक बारीक दिवा असतो आणि समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. व्होल्टेज किंचित हललं की दिव्याचा उजेड बदलतो, आणि अलीकडचा स्विच तुकड्यांची लांबी कमी-जास्त करतो. ऊर्जा चुंबकत्वाने जाते, खबर उजेडाने परत येते, आणि हे आपल्या पायाशी अखंड चालू असतं.

जव्हारचा पाऊस नि लाईट यांचं नातं इथल्यांना सांगायला नको. बल्ब नुसता मिचकावतो, पण कॉम्प्युटर तसाच चालू राहतो, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. तो टिकतो त्या मोठ्या कपॅसिटरवर. बाहेरची वीज गेली तरी चांगला एसएमपीएस पूर्ण भार घेऊन साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे ग्रीडच्या एका आवर्तनाहूनही थोडा कमी काळ. हाच कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा असू शकतो. म्हणून एसएमपीएसचा डबा घरी उघडायचा नाही, कधीच नाही.

भाच्याच्या जुन्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट होतं. खालच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. गुणाकार करा : १६८ वॉट. एकटं ३०६० कार्डच १७० वॉट मागतं, प्रोसेसर वेगळा. मग उरलेले वॉट कुठले? ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींचे. फार जुन्या मदरबोर्डांना त्या लागायच्या. आताचं जवळजवळ सगळं ओझं १२ व्होल्टवर आहे. दुकानात वॉट विचारू नका, १२ व्होल्टचे अँपिअर वाचा. या कार्डासाठी कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. तेवढी गरज सतत नसते, पण कार्डाची मागणी मिलिसेकंदाच्या आत उसळी मारते, आणि अशक्त डबा त्या उसळीला घाबरून सगळंच बंद करतो.

जोडणीचं काम शांतपणे करण्याचं. प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, जुन्या डब्याचे चार स्क्रू काढले. मदरबोर्डचा २४ पिनांचा कनेक्टर खटका दाबल्याशिवाय निघत नाही. ओढाताण केली तर बोर्ड वाकतो. नवा एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या. इथे एक धोका आहे : दुसऱ्या एसएमपीएसची केबल तोंडाला बसली तरी वापरायची नाही. डब्याकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले तर डिस्क किंवा बोर्ड क्षणात जळतो. कार्ड स्लॉटमध्ये दाबलं, टक् असा आवाज आला. स्लॉटमधून फार तर ७५ वॉट मिळतात, आठ पिनांच्या केबलमधून १५०. दोन्ही मिळून १७० वॉटची सोय झाली.

आता त्या १०० अँपिअरचं. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. भिंतीतून २३० व्होल्टने ३०० वॉट घेतले तर करंट सव्वा अँपिअरच्या आसपास. कार्डाच्या वाट्याचे १७० वॉट १२ व्होल्टवर आले की १४ अँपिअर होतात. आणि चिपला हवा असतो साधारण एक व्होल्ट, म्हणजे शंभराच्या वर. पाचशेची नोट मोडून सुट्टे घ्यावेत तसं. रक्कम तीच, नाणी वाढत गेली. हे शेवटचं मोडणं कार्डावर, चिपच्या अगदी शेजारी होतं. तिथे चौकोनी कॉइलांची रांग दिसते. त्या आळीपाळीने, सेकंदाला लाखो वेळा, आपापला वाटा देतात. एवढा मोठा करंट प्रवास करतो जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, तांब्याच्या रुंद पट्ट्यांवरून.

२०२१चं कार्ड २०१२च्या बोर्डात चाललं कसं? पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटच्या कर्त्यांनी २००३पासून एक वचन पाळलं आहे : नवं कार्ड आणि जुना स्लॉट सुरुवातीला एकमेकांशी बोलून दोघांनाही झेपेल असा वेग ठरवतात. वेग कमी होतो, पण काम अडत नाही. काही जुन्या बोर्डांचं बायोस आडमुठेपणा करतं, तेवढं आधी तपासावं. राजवाड्याचं चित्र आता चहा होईपर्यंत तयार होतं.

जुन्या यंत्राला ग्राफिक्स कार्डं बसवण्याचा खरा भव्य उद्योग मात्र जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला झाला आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली नव्वदच्या दशकात उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या एकत्र पाहतात म्हणजे काय? प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीच्या संकेताशी गुणायचा आणि बेरीज करत जायचं. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. सुरुवातीला ही दुर्बीण एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकायची. गेल्या दशकात तिचं नूतनीकरण झालं. तबकड्या त्याच ठेवल्या. बदलले ते रिसीव्हर आणि गणन करणारी यंत्रणा, जिच्यात ग्राफिक्स कार्डं लावलेले सर्व्हर आले. पट्टा ४०० मेगाहर्ट्झचा झाला. एवढ्या पट्ट्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ८० कोटी नमुने लागतात, आणि प्रत्येक तबकडीचे संकेत दोन. म्हणजे सगळे मिळून दर सेकंदाला ४,८०० कोटी नमुने. उन्हाचे किरण मोजणारे तेच गुणाकार, त्याच बेरजा.

२९ जून २०२३ला भारत, जपान आणि युरोपच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की अवकाशातल्या अतिसंथ गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसत आहेत. एकेका लहरीला डोलायला वर्षानुवर्षं लागतात. त्या पकडण्यासाठी पल्सार या ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांची टिकटिक अनेक वर्षं मोजावी लागली. त्या मोजणीत खोडदच्या नोंदी आहेत.