जुन्या मालमोटारीच्या इंजिनांतील खटखट

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते धुळ्यास एकमेकांस छेदतात. आणि जळगांव जिल्ह्यांतील रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांचीं केळीं मालमोटारींत भरून दूर उत्तरेकडे जातात. त्यामुळें खानदेशांतील मुलांच्या कानांवर इंजिनाचा आवाज लहानपणापासून पडत असतो. परंतु त्या आवाजांत एखादे दिवशीं नवीच खटखट मिसळली म्हणजे तिचें मूळ कसें शोधावें, हें थोड्यांसच ठाऊक असतें. मोटार जुनी असेल तर हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाहीं. केळींचे घड वाटेंत अडकले तर ते पिकावयाचे थांबत नाहींत. खटखट आंतल्या बेअरिंगची असून गाडी तशीच दामटली तर कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचा ठोकळा फोडून बाहेर येऊं शकतो. उलटपक्षीं, केवळ संशयावरून इंजिन उघडावें तर लहान मालकाची कित्येक महिन्यांची कमाई त्यांत जाते.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं डीझेल इंजिन निरोगी असतांही ठोके देतें. रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या या यंत्रांत ठिणगी नसते. आजच्या मालमोटारींत हवा दाबून मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्श्याएवढी केली जाते. त्या दाबानें ती अतिशय तापते, व तींत तेलाचा फवारा उडाला कीं तें आपोआप पेट घेतें. फवारा सुरू होणें व तेल पेटणें यांत क्षणाचा अगदीं लहान अंश जातो. तेवढ्या वेळांत सांचलेलें तेल एकदम भडकतें, आणि तोच हा परिचित टकटकाट.

दोषाचा आवाज यांतून निवडून काढण्यास थोडें गणित उपयोगी पडतें. चार स्ट्रोकांच्या इंजिनांत क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां प्रत्येक व्हॉल्व्ह एकदांच उघडतो. गाडी उभी असतां क्रँक मिनिटास ६०० फेरे घेत असेल तर सेकंदास १० फेरे झाले, आणि एका व्हॉल्व्हची टिकटिक सेकंदास ५. तेव्हां वरच्या बाजूनें येणारी, फेऱ्यांच्या निम्म्या गतीची बारीक टिकटिक ऐकूं आली तर टॅपेटचें अंतर वाढलें असावें, असा तर्क करतां येतो. थंड इंजिनांत वाजून तापल्यावर नाहींसा होणारा पोकळ आवाज बहुधा झिजलेल्या पिस्टनचा. क्लच दाबतांच आवाज बदलला तर दोष बहुधा क्लचकडे किंवा गिअरबॉक्सकडे. परंतु खोल, जड, चढणीवर भार पडतांच वाढणारा ठोका, आणि सोबत ऑईलचा दाब उतरलेला, हें मुख्य बेअरिंग गेल्याचें लक्षण होय. तेथें इंजिन तत्काळ बंद करावें.

मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाशीं धरतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. लोखंडांतून आवाज हवेच्या सुमारें पंधरा पट वेगानें जातो, आणि बाहेरचा गलबला वगळून एकाच ठिकाणची कंपनें कानास पोंचतात. पॅरिस येथील लाएनेक या वैद्यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी रोग्याच्या छातीस लावून स्टेथस्कोपाचा शोध लावला, त्याच जातीची ही युक्ति आहे. मात्र ती फसवीही आहे. कारण ओतीव लोखंडाचा सबंध ठोकळा एकाच भागाचा ठोका चोहोंकडे पोंचवितो. म्हणून नुसतें ऐकून भागत नाहीं, विचार करावा लागतो.

आमच्या पाहण्यांत आलेलें एक उदाहरण सांगतों. सहा सिलिंडरांची एक जुनी मालमोटार होती. ती सकाळीं सुरू केल्यावर कांहीं मिनिटें खटखटे व मग शांत होई. एका ठिकाणीं पिस्टन झिजले म्हणून इंजिन उघडण्याचा सल्ला मिळाला होता. पण चालकाची तक्रार निराळीच होती. तो म्हणे, “गाडी चढणीला बोलत नाहीं, उताराला बोलते.” सेंधव्याकडून बिजासन घाट उतरतांना ती खटखट हटकून ऐकूं येई.

एका वयस्क मिस्त्रीनें तें वाक्य दोनदां म्हणावयास लाविलें. बेअरिंगचा दोष असता तर तो चढणीवर बोलला असता. त्यानें एकेका नोझलच्या नळीची चाकी सैल करून एकेक सिलिंडर बंद पाडून पाहिला. ज्याचा रॉड सैल असेल त्याचा ठोका अशा वेळीं मंदावतो. सहाही झाले, फरक पडला नाहीं. (हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं करूं नये, त्या नळींतील तेलाचा दाब इतका असतो कीं बारीक धार कातडी भेदून आंत शिरते.) पंख्याचा पट्टा काढला, तरीही खटखट तीच.

मग उतारावर अधिक काम कोणास पडतें? ब्रेकांस. या गाडीचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालत, व ती हवा टाकींत भरणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच दांत्यांवर फिरत असे. त्यास स्वतःचा पिस्टन आहे, रॉड आहे, बेअरिंगही आहे. टाकी भरली कीं त्याचा भार आपोआप सुटतो. मिस्त्रीनें हवेच्या घड्याळाकडे बोट दाखविलें. कांटा दर चौरस सेंटिमीटरास ७ किलोग्रॅमच्या पुढें गेला, फुस्स असा आवाज होऊन जादा हवा बाहेर पडली, आणि त्याच क्षणीं खटखट थांबली. ब्रेक पांच-सात वेळां दाबून कांटा खालीं आणला. खटखट परत आली. सकाळचें कोडेंही तेव्हांच उलगडलें. रात्रभरांत टाकी रिकामी होई, ती भरेपर्यंत कॉम्प्रेसर वाजे. इंजिन तापण्याशीं त्याचा संबंध नव्हता.

मालकास इंजिन वांचल्याचा आनंद झाला, तो साहजिक होता. पण मिस्त्री हंसला नाहीं. झिजलेला कॉम्प्रेसर हवा कमी देतो, आणि लांब उतारावर हवा संपली तर पायाखालच्या ब्रेकांत जोर राहत नाहीं. त्याच घाटाच्या पायथ्याकडे, पळासनेर येथें, ४ जुलै २०२३ रोजीं एक कंटेनर वाहनांस धडकत रस्त्याकाठच्या हॉटेलांत घुसून निदान १० माणसें मरण पावलीं; ब्रेक निकामी झाल्याचें तेव्हां सांगण्यांत आलें. त्या कंटेनरांत नेमका कोणता भाग बिघडला होता हा येथील विषय नव्हे. परंतु त्या रस्त्यावर ब्रेक जाणें म्हणजे काय, हें खानदेशांत कोणास समजावून सांगावें लागत नाहीं.

कॉम्प्रेसर उतरविण्यापूर्वीं मिस्त्रीनें हवेच्या टाकीखालची चावी उघडली. पाण्याबरोबर काळें ऑईल बरेंच वाहिलें. म्हणजे कॉम्प्रेसरच्या रिंगाही गेल्या होत्या. ती चावी रोज उघडावयाची असते. ती शेवटची केव्हां उघडली होती, असें विचारतां चालक मालकाकडे पाहूं लागला आणि मालक चालकाकडे.