न लागावी अशी भिशी

गुडघा बदलायची शस्त्रक्रिया. सांधा तोच, त्यात बसवायचं साधन जवळपास तेच, रुग्णालयातला मुक्कामही साधारण सारखाच. पण कॅलिफोर्नियात एका रुग्णालयाचं बिल व्हायचं पंधरा-वीस हजार डॉलर आणि दुसऱ्याचं एक लाख डॉलरच्याही वर. महाग ठिकाणी गुडघा अधिक चांगला बसतो म्हणावं, तर तसा फरक तपासणीत कुठे सापडेना. हा घोळ हेरला तो सॅक्रामेंटोतल्या पेन्शन सांभाळणाऱ्या एका सरकारी संस्थेनं, आणि पुढे तिनं जे केलं ते थक्क करणारं आहे.

या संस्थेचं नाव कॅलिफोर्निया पब्लिक एम्प्लॉईज रिटायरमेंट सिस्टिम. तिथले लोक तिला ‘कॅलपर्स’ म्हणतात. १९३१ च्या कायद्यानं ती जन्मली तेव्हा काम एकच होतं, सरकारी नोकरांचं निवृत्तिवेतन. १९६२ पासून ती आरोग्यविमाही पाहू लागली. पासष्टीच्या पुढच्यांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारची ‘मेडिकेअर’ योजना प्रत्यक्ष सुरू झाली १ जुलै १९६६ ला. म्हणजे हे राज्य चार वर्षं पुढे होतं. १९६७ मध्ये शहरं, परगणे, शाळा यांनाही दार उघडलं. आज महामार्गावर काम करणारे, अग्निशामक, शाळांतले शिक्षकेतर कर्मचारी, निवृत्त मंडळी आणि त्यांची कुटुंबं मिळून सुमारे १५ लाख माणसं या एका छत्राखाली आहेत.

छत्र म्हणजे काय, ते भिशीवरून समजतं. आपल्या भिशीत सगळे सारखे पैसे घालतात आणि आळीपाळीनं प्रत्येकाला भिशी लागते. आरोग्यविम्यातही सगळे पैसे घालतात, पण इथे भिशी आपल्याला लागू नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते! ज्याला लागली त्याच्यासाठी बाकीच्यांनी आनंदानं पैसे सोडायचे. अशी भिशी टिकते कशी? सगळे आजारी लोकच तिच्यात शिरले तर हप्ता चढतो. हप्ता चढला की धडधाकट माणसं बाहेर पडतात आणि तो आणखी चढतो. शेवटी भिशी मोडते. म्हणून गट बनवायचा तो आजारावरून नव्हे, तर नोकरीवरून. नोकरीला लागताना कोणी पुढच्या तीस वर्षांतला हृदयविकार मोजून येत नाही. त्यामुळे अशा गटात तरुण-म्हातारे, निरोगी-दुखणाईत आपोआप मिसळतात.

या मिश्रणाचा खरा लाभ निवृत्तांना होतो. कॅलिफोर्नियात अनेक पोलिसांना, अग्निशामकांना पन्नाशीतच निवृत्त होता येतं आणि मेडिकेअर मिळते पासष्टीला. मधली पंधरा वर्षं म्हणजे नोकरी सुटलेली आणि गुडघे-रक्तदाब बोलू लागलेले. कॅलपर्समध्ये या वर्षांत पंचावन्नचा निवृत्त माणूस आणि पंचविशीतला नवा कर्मचारी एकाच योजनेत असले, तर दोघांचा मूळ हप्ता एकच. नाव नोंदवताना कोणी रक्तातली साखर विचारत नाही. पासष्टी आली की मेडिकेअर पुढे होते आणि तिनं सोडलेल्या खर्चाला कॅलपर्सची पूरक योजना हातभार लावते.

आता पुन्हा गुडघ्याकडे. २०११ मध्ये कॅलपर्सनं विमा कंपनी अँथम ब्लू क्रॉसच्या साथीनं मोठ्या योजनांमध्ये एक रेघ ओढली. खुबा किंवा गुडघा बदलायला रुग्णालयाचे जास्तीत जास्त ३०,००० डॉलर धरले जातील. त्या दरात चांगलं काम करणाऱ्या रुग्णालयांची यादी सदस्यांच्या हाती दिली. महाग ठिकाणी जायला मनाई नव्हती, पण वरचे पैसे ज्याचे त्यानं भरायचे. जवळपास यादीतलं रुग्णालय नसेल किंवा डॉक्टरांनी वैद्यकीय कारण दिलं, तर सूट होती.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेम्स रॉबिन्सन आणि टिमोथी ब्राउन यांनी याचा हिशेब २०१३ मध्ये मांडला. पहिल्याच वर्षात कॅलपर्सच्या सदस्यांच्या शस्त्रक्रिया स्वस्त रुग्णालयांत २१.२ टक्क्यांनी वाढल्या आणि महाग रुग्णालयांत ३४.३ टक्क्यांनी घटल्या. त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. महाग रुग्णालयांनी या सदस्यांसाठीचे दरच ३४.३ टक्क्यांनी खाली आणले. त्या एका वर्षात संस्थेचे २८ लाख डॉलर वाचले आणि रुग्णांच्या खिशातले आणखी ३ लाख. कुठल्या कायद्यानं दर ठरवले नव्हते. नेहमीचं गिऱ्हाईक हातचं जाताना दिसलं, आणि आकडा बदलला. हेच एखाद्या निवृत्त माणसानं एकट्यानं काउंटरवर जाऊन मागितलं असतं, तर त्याला उत्तर तरी मिळालं असतं का?

हे फुकट होत नाही, हेही सांगायला हवं. राज्य सरकार निवृत्ताच्या हप्त्याचा मोठा वाटा उचलतं, पण तो वाटा नोकरीनं कमवावा लागतो. आधीच्या पिढीतल्या बहुतेकांना दहा वर्षांच्या सेवेनं निम्मा आणि वीस वर्षांनी पूर्ण वाटा मिळे. अलीकडच्या भरतीसाठी हीच अट पंधरा आणि पंचवीस वर्षांची झाली आहे. पेन्शनसाठी पैसा आधीपासून साठवला जाई, उपचारांच्या वचनासाठी मात्र बहुतेक ठिकाणी ज्या वर्षीचं त्या वर्षी भागवलं जाई. म्हणून २००७ मध्ये कॅलपर्सनं एक वेगळा निधी उघडला. त्यात सरकारी मालकांनी आजच पैसे टाकायचे, म्हणजे उद्याच्या म्हाताऱ्यांचं बिल उद्याच्या तरुणांच्या डोक्यावर सगळंच्या सगळं पडणार नाही.

आणि कॅलपर्सचे निर्णय घेतं कोण? तेरा जणांचं मंडळ. त्यातले सहा सदस्य निवडून येतात आणि त्यांतली एक जागा फक्त निवृत्तांच्या मतांवर भरली जाते. पुढच्या वर्षीचे हप्ते या मंडळाच्या खुल्या बैठकीत मंजूर होतात. तिथे एखादा निवृत्त कर्मचारी उभा राहून आपलं म्हणणं मांडू शकतो.

एकट्या म्हाताऱ्याचं दुखणं विम्याच्या बाजारात धोका म्हणून मोजलं जातं. तेच दुखणं पंधरा लाखांच्या भिशीत आलं की रुग्णालयाला दर उतरवायला लावणारी ताकद बनतं. पुढच्या वेळी आपल्या विम्याचा कागद हातात घ्याल तेव्हा हप्ता किती, हे पाहालच. त्याबरोबर एवढंही विचारा, की या भिशीत माझ्यासोबत कोण आहेत, किती आहेत आणि आमच्या वतीनं दर ठरवायला बसतं कोण.