खतावर उभा राहिलेला वाडा

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरी खताचा विषय रोजचाच. उन्हाळा सरत आला की वडील उकिरडा उपसून खत गाडीने शेतात नेतात आणि सुट्टीत मीही पाटी उचलतो. त्यामुळे इंग्लंडमधील एका घराण्याचा वाडा खताच्या पैशातून उभा राहिला, हे वाचनात आले तेव्हा मला विशेष कुतूहल वाटले.

ब्रिस्टल शहराजवळच्या या वाड्याचे नाव टिंट्सफील्ड. लंडनचे व्यापारी विल्यम गिब्ज यांनी ही जागा १८४३ साली विकत घेतली. तेथील साधे घर त्यांनी १८६३ नंतर जॉन नॉर्टन या वास्तुशिल्पज्ञाकडून वाढवून घेतले. उंच निमुळती छपरे, मनोरे, कोरीव दगडी कमानी अशी मध्ययुगीन धर्तीची 'गॉथिक' बांधणी व्हिक्टोरिया राणीच्या काळात लोकप्रिय होती. टिंट्सफील्ड हा तिचा एक उत्तम नमुना मानला जातो.

एवढा पैसा आला कोठून? दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ चिंचा नावाची बेटे आहेत. (आपल्या चिंचेशी या नावाचा संबंध नाही!) तेथे समुद्रपक्ष्यांचे प्रचंड थवे वस्तीला असतात. त्या भागात पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे पक्ष्यांची विष्ठा धुऊन न जाता शतकानुशतके साचत गेली आणि तिच्या टेकड्या झाल्या. हेच 'ग्वानो' खत. त्यात नत्र व स्फुरद भरपूर असते. तेथील इंका लोकांना त्याचा गुण पूर्वीपासूनच ठाऊक होता. १८४२ साली गिब्ज यांच्या पेढीने पेरू सरकारशी करार केला आणि पुढे सुमारे वीस वर्षे या खताच्या विक्रीवर अमाप पैसा मिळवला.

खत खणण्याचे काम पेढीकडे नव्हते. ते पेरूतील कंत्राटदारांकडे होते. गुलाम, कैदी आणि १८४९ पासून कराराने आणलेले चिनी मजूर यांच्याकडून ते करून घेतले जाई. नाकातोंडात जाणारी धूळ, रणरणते ऊन आणि पाठीवर चाबूक. हे असह्य होऊन काहींनी आत्महत्या केल्याच्याही नोंदी आहेत.

विल्यम गिब्ज धार्मिक वृत्तीचे होते. ऑक्सफर्डमधील केबल कॉलेजचे प्रार्थनामंदिर त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. ते १८७६ साली खुले झाले, पण त्याआधी एक वर्ष त्यांचे निधन झाले होते. वाड्यात घराण्याच्या चार पिढ्या नांदल्या. शेवटचे मालक २००१ साली अविवाहित वारले आणि २००२ साली 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेने वाडा विकत घेऊन लोकांसाठी खुला केला.

गिब्ज घराण्याच्या चारही पिढ्यांची नावे आज कोणालाही सांगता येतील. चिंचा बेटांवर खत खणणाऱ्यांपैकी किती जणांची सांगता येतील? हा प्रश्न मनात आला आणि मला आमचे घर आठवले. कॉलेजात आलेला आमच्यातला मी पहिलाच. माझे पणजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, एवढेच मला ठाऊक आहे; त्यांचे नाव काही मला सांगता येत नाही. आजीला ते ठाऊक असेल. या सुट्टीत तिच्याजवळ बसून ते विचारायचे आणि वहीत लिहून ठेवायचे, असे मी ठरवले आहे.