इंग्रजी निबंधातील युक्तिवाद : शब्दांचे बळ कशात असते?

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील व्यापारी घरांत वाढणाऱ्या मुलांना युक्तिवाद वेगळा शिकवावा लागत नाही. भाव का वाढला, स्वस्त माल का टिकत नाही, उधारी कोठपर्यंत द्यावी, हे सारे ती पेढीवर रोज ऐकत असतात. गिऱ्हाईकाची शंका आधी ऐकून घ्यावी, तिच्यातील खरे तेवढे मान्य करावे आणि मग आपले म्हणणे पटवावे, ही रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. मात्र हीच मुले इंग्रजीत वादविषयक निबंध लिहावयास बसली, की लेखणी अडखळते. मग कोठून तरी भारदस्त शब्दांची यादी पाठ केली जाते. ‘प्लेथोरा’, ‘पॅरामाउंट’, ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ असे शब्द निबंधात जागोजागी बसविले जातात, पण मुद्दा जागचा हलत नाही.

हा प्रश्न केवळ शालेय गुणांपुरता नाही. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेत लेखनाच्या दुसऱ्या भागात किमान 250 शब्दांचा निबंध लिहावयाचा असतो व त्यासाठी साधारण 40 मिनिटे सुचविलेली असतात. तेथे शब्दसंपत्तीला जेवढे वजन असते, तेवढेच मुद्द्यांच्या परस्परसंबंधाला असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका 250 गुणांची आहे. शिवाय उद्या पेढी सांभाळताना बँकेला, विमा कंपनीला किंवा परप्रांतीय व्यापाऱ्याला इंग्रजीत आपली बाजू पटवून द्यावी लागते. तेथे कच्ची मांडणी प्रत्यक्ष तोट्याला कारण होते.

अशा मांडणीचा एक उत्तम नमुना कल्याणच्या इतिहासातच आहे. कल्याणात बालपण गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनी 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे इंग्रजीत भाषण केले. वैद्यकीय शिक्षणासाठी आपण अमेरिकेस का जात आहोत, हे त्यांना विरोधी समाजाला सांगावयाचे होते. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. त्यांनी भाषणाची रचना लोक विचारीत असलेल्या सहा प्रश्नांवरच केली. अमेरिकेलाच का, हिंदुस्थानात सोय नाही काय, एकटीनेच का, परतल्यावर वाळीत टाकले तर काय, संकट ओढवले तर काय, आणि कोणा स्त्रीने न केलेले आपणच का करावे, असे ते प्रश्न होते. विरोधकांचे आक्षेप त्यांनी टाळले नाहीत, तर त्यांनाच भाषणाच्या पायऱ्या केले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष अभ्यासण्यासारखे आहे. देशात साधने मुळीच नाहीत, असे त्या म्हणाल्या नाहीत. मद्रासला महाविद्यालय आहे, सुईणींचे वर्ग आहेत, हे त्यांनी मान्य केले आणि त्यानंतरच तेथील शिक्षण अपुरे कसे, ते सांगितले. शिकविणाऱ्यांच्या असूयेचा उल्लेखही ‘काही अंशी’ अशी मर्यादा घालून केला. आधी मान्यता, मग उत्तर आणि दोषारोपाला माप, या तीन गोष्टींमुळे ते भाषण भक्कम झाले. त्याच वर्षी त्या अमेरिकेस गेल्या आणि 1886 साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या.

इंग्रजी निबंधासाठी उपयोगी वाक्प्रयोग याच तीन कामांनुसार लक्षात ठेवावेत. समोरच्याचे म्हणणे मान्य करताना ‘इट इज ट्रू दॅट’, ‘ॲडमिटेडली’ किंवा ‘ग्रँटेड दॅट’ असे लिहावे. लगेच उत्तराकडे वळताना ‘हाउएव्हर’, ‘नेव्हरदलेस’ किंवा ‘इव्हन सो’ योजावे. यांपैकी ‘इव्हन सो’चा अर्थ ‘हे खरे असूनही’ असा असल्याने मान्यतेनंतर तो फार शोभतो. कारणावरून निष्कर्षाकडे जाताना ‘देअरफोर’ किंवा ‘ॲज अ रिझल्ट’, उदाहरण देताना ‘फॉर इन्स्टन्स’ आणि त्याच बाजूचा आणखी जड मुद्दा आणताना ‘मोअरओव्हर’ वापरावे. केवळ वाक्य लांबविण्यासाठी ‘मोअरओव्हर’ घातले, तर ते जमाखर्चातील खोट्या नोंदीसारखे लगेच उघडे पडते.

मराठीत विचार करणाऱ्या मुलांकडून येथे एक चूक वारंवार होते. मराठीत ‘जरी’ आले, की ‘तरी’ यावेच लागते. त्या सवयीने ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्याच्या मध्ये पुन्हा ‘बट’ लिहिले जाते. इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरते. ‘ऑन द अदर हँड’ आणि ‘ऑन द कॉन्ट्ररी’ यांचीही अशीच गल्लत होते. पहिला प्रयोग दुसरी बाजू दाखवितो, तर दुसरा आधीचे म्हणणे साफ नाकारतो.

शब्दसंपत्ती वाढविताना विशेषणांपेक्षा क्रियापदांकडे अधिक लक्ष द्यावे. ‘सेज’ या एका शब्दाऐवजी ‘क्लेम्स’ म्हणजे पुराव्यावाचून दावा करतो, ‘आर्ग्यूज’ म्हणजे कारणे देऊन सांगतो, ‘कन्सीड्स’ म्हणजे नाइलाजाने मान्य करतो, असे बारकावे साधता येतात. पुराव्याची ताकदही क्रियापदानेच मोजावी. ‘सजेस्ट्स’ हे हलके वजन, ‘शोज’ हे त्याहून जड आणि ‘प्रूव्ह्ज’ हे सर्वांत जड. एका उदाहरणावरून ‘प्रूव्ह्ज’ लिहिणे म्हणजे छटाकभर माल देऊन शेराचे पैसे मागणे होय.

व्यापाऱ्यांच्या परिचयाचा एक विषय घेऊ. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि जूनपासून कारवाई सुरू झाली. ही बंदी योग्य आहे काय, यावर निबंध लिहावयाचा असल्यास ‘प्लास्टिक इज व्हेरी व्हेरी बॅड’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी लहान दुकानदाराची अडचण आधी मांडावी : ‘इट इज ट्रू दॅट क्लॉथ बॅग्ज कॉस्ट द स्मॉल शॉपकीपर मोअर.’ कापडी पिशवी दुकानदाराला महाग पडते, हे येथे मान्य झाले. मग लिहावे : ‘इव्हन सो, चोक्ड ड्रेन्स कॉस्ट द होल टाउन फार मोअर.’ तुंबलेल्या गटारांची किंमत सबंध शहराला त्याहून कितीतरी जास्त मोजावी लागते, हे झाले उत्तर.

पुरावा म्हणून 26 जुलै 2005 चा महापूर सांगता येईल. तेथेही माप सांभाळावे. त्या दिवशी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणून पिशव्यांनी पूर आणला, अशा अर्थाचे ‘कॉज्ड’ लिहिणे चुकीचे ठरेल. गटारे तुंबण्यास त्यांनी हातभार लावला, या अर्थाचे ‘कॉन्ट्रिब्यूटेड टू’ हेच योग्य. शब्द सौम्य झाला, पण विधान खोडून काढणे अवघड झाले.

जैन वाचकांना हा विचार नवा वाटू नये. स्याद्वादातील ‘स्यात्’ या पदाचा अर्थ पुष्कळांना ‘कदाचित’ असा वाटतो. दर्शनशास्त्रात मात्र त्याचा आशय ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ असा आहे. त्यात संशय नसून विधानाची सीमा निश्चित करणे आहे. इंग्रजीत ‘परहॅप्स’ आणि ‘इन धिस रिस्पेक्ट’ यांत हाच भेद आहे. भित्रा लेखक प्रत्येक ओळीत ‘परहॅप्स’ लिहितो. विचारी लेखक ‘इन धिस रिस्पेक्ट’ किंवा ‘टू अ सर्टन एक्स्टेंट’ असे लिहून आपले विधान कोठवर खरे आहे, ते ठामपणे सांगतो.

घरच्या घरी याचा सराव सहज करता येतो. आठवड्यातून एकदा पेढीचा किंवा शहराचा एखादा विषय घ्यावा. मुलाने प्रथम आपल्या मताविरुद्धचे सर्वांत सबळ कारण एका इंग्रजी वाक्यात लिहावे, दुसऱ्या वाक्यात त्याचे उत्तर द्यावे आणि तिसऱ्यात पुरावा. घरातील वडीलधाऱ्यांना इंग्रजी फारसे येत नसले, तरी मुलाने त्याचा मराठीत किंवा गुजराती-मारवाडीत अर्थ सांगताच उत्तर पटते की नाही, हे ते अचूक ओळखतील. अशी तीन वाक्ये ज्याला नेटकी लिहिता येतात, त्याला पानभर निबंध अवघड जात नाही, आणि विरुद्ध बाजूचे आधी नीट ऐकण्याची जी सवय लागते, ती परीक्षा संपल्यावरही उपयोगी पडते.