बाटली कोण धुतं?

पुण्यात सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा जपानमध्ये दुपारचे दोन वाजलेले असतात. ऑक्टोबर महिन्याच्या आगेमागे, आठवड्यातून एकदा, याच वेळेला आमच्या महाविद्यालयातला पर्यावरणशास्त्राचा वर्ग आणि ओसाकाजवळच्या एका विद्यापीठातला शहर-अभ्यासाचा वर्ग ऑनलाइन एकत्र भरतो. मुलं छोट्या गटांत वाटलेली असतात. प्रत्येक गटात निम्मी इकडची, निम्मी तिकडची. विषय सगळ्यांना एकच: घरातून बाहेर पडलेल्या कचऱ्याचं पुढे काय होतं? शेवटी प्रत्येक गटाने दोन माहितीपत्रकं तयार करायची. शहरात नव्याने शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याने कचरा कुठे, कसा आणि कधी टाकायचा, हे त्यांत समजावून सांगायचं. अट एवढीच, की पुण्याचं पत्रक ओसाकाच्या मुलांनी लिहायचं आणि ओसाकाचं पुण्याच्या मुलांनी.

सगळी मेख या अटीत आहे. ती काढली तर दोन्ही वर्ग आपापल्या शहराचं सादरीकरण करतील, एकमेकांसाठी टाळ्या वाजवतील आणि निरोप घेतील. अट असली की नुसतं इंटरनेटवर शोधून भागत नाही. समोरच्याला विचारावं लागतं, त्याने सांगितलेलं आपल्याला नीट कळलं का ते पडताळावं लागतं. शिवाय आपल्या गल्लीत रोज सकाळी जे घडतं, ते कधीही न पाहिलेल्या माणसाला कळेल असं सांगावं लागतं.

आपल्याकडे विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा विषय निघाला की सामंजस्य करार, शिष्टमंडळांच्या भेटी आणि परदेशी सत्राला जाणारे विद्यार्थी डोळ्यांपुढे येतात. हे सगळं हवंच. पण त्याचा लाभ वर्गातल्या किती जणांना होतो? युरोपात 1987 साली इरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी 3,244 विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. योजना पुढे अफाट वाढली. तरीही 2009 मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या बैठकीत युरोपीय शिक्षणमंत्र्यांनी 2020 साठी जे उद्दिष्ट ठरवलं, ते होतं किमान 20 टक्के पदवीधरांनी परदेशात शिकून येण्याचं. ते गाठलं तरी बहुसंख्य विद्यार्थी घरीच राहणार होते.

त्या घरी राहणाऱ्यांचा विचार स्वीडनमधल्या माल्म्यो शहरात आधीच सुरू झाला होता. तिथलं विद्यापीठ 1998 मध्ये उघडलं. नव्या विद्यापीठाला परदेशात जुने संबंध कुठून असणार? शहरात मात्र अनेक देशांतून येऊन स्थायिक झालेली माणसं होती. विद्यापीठाच्या कारभारात असलेल्या बेंग्ट निल्सन यांनी 1999 मध्ये ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना मांडली. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ती नावानिशी आली आहे. आम्ही वापरतो त्या पद्धतीला कॉइल म्हणतात. चित्रपटनिर्मिती शिकवणाऱ्या जॉन रुबिन यांच्या प्रयोगांतून ती वाढली आणि न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात 2006 मध्ये तिचं केंद्र उभं राहिलं. दोन देशांतले दोन शिक्षक आपापल्या चालू अभ्यासक्रमातले काही आठवडे जोडून घेतात आणि मुलांना एकत्र काम देतात. विमानाचं तिकीट कुणालाच काढावं लागत नाही.

पुण्याला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना मॉरिशसच्या एका आजारी विद्यार्थ्याची आबाळ शां. ब. मुजुमदारांनी पाहिली. त्यातून 1971 मध्ये सिंबायोसिस उभी राहिली, हे पुणेकरांना ठाऊक आहे. परदेशी विद्यार्थ्याला आपुलकी हवी, हे या शहराने तेव्हा ओळखलं. मात्र आजही कुठल्याही वर्गात डोकावलं तर परदेशी मुलं एका बाकावर आणि आपली दुसऱ्या बाकावर दिसतात. एका खोलीत बसवल्याने ओळख होते असं नाही. एकमेकांवाचून अडेल असं काम दिलं, तर ती होते.

असं काम उभं करण्यात शिक्षकांचे काही महिने जातात. आधी वेळापत्रक. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा आमच्याकडे परीक्षांची धांदल असते. त्यांचं दुसरं सत्र सप्टेंबरअखेर उघडतं आणि आमचं पहिलं नोव्हेंबरमध्ये संपतं. मधल्या फटीत दिवाळी येते. या फटीत सहा आठवडे बसवायचे. मग गुण. नवा विषय आणायचा तर अभ्यास मंडळाची मंजुरी लागते. म्हणून हा भाग आम्ही चालू विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनात बसवतो. गुण इंग्रजीला नसतात. प्रश्न कसे विचारले, उत्तर पडताळलं का, पत्रक दुसऱ्या वर्गाने वाचल्यावर काय बदललं, याला असतात. ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगितली की लातूर-नांदेडकडून आलेल्या मुलांचे खांदे सैल होतात. शिवाय इंग्रजी समोरच्यांचीही मातृभाषा नाही, हेही त्यांना कळतं. दोन्हीकडची मुलं सारखीच अडखळतात आणि त्यामुळे सारखीच धीट होतात.

सुरुवातीचा एक तास नेहमी जड जातो. आमची मुलं धडाधड प्रश्न टाकतात. पलीकडे शांतता. कॅमेरे बंद. तासानंतर मी प्रत्येकाकडून अर्ध्या पानाची नोंद लिहून घेते. तिचे तीन भाग ठरलेले: काय दिसलं, त्याचा अर्थ काय लावला, मत काय झालं. एका मुलीने ‘काय दिसलं’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘त्यांना रस नव्हता.’ मी तिला विचारलं, ‘रस नव्हता हे दिसलं कसं?’ ती विचारात पडली. खोडून तिने लिहिलं: चौघांपैकी तिघांचे कॅमेरे बंद होते, उत्तरं लेखी आली, उशिरा आली. रस नसल्याचं वाक्य दुसऱ्या रकान्यात गेलं आणि तिथे गेल्यावर त्याच्या शेजारी आणखी दोन शक्यता उभ्या राहिल्या. पुढच्या तासाला तिने सरळ विचारलं. एक जण वसतिगृहाच्या खोलीतून बोलत होता, खोलीत दुसरा झोपलेला. एकीला उत्तर मनात नीट जुळवल्याशिवाय बोलायचं नव्हतं. आणि गटात सगळ्यात कमी बोलणारा मुलगा जपानी नव्हताच, व्हिएतनामहून तिथे शिकायला आलेला होता. इकडच्याही दोघांचे कॅमेरे बंद होते, मोबाइलचा डेटा पुरत नव्हता म्हणून. पलीकडच्यांनीही त्याचा काही अर्थ लावलाच असणार, हे तेव्हा आमच्या मुलांच्या ध्यानात आलं.

या तीन रकान्यांइतकं उपयोगी साधन मला शिकवण्याच्या कामात क्वचितच मिळालं आहे. ‘ते लोक असेच असतात’ हे वाक्य मुलांना चुकीचं आहे म्हणून सांगितलं, तर ती मान डोलावतात आणि तसंच मानत राहतात. ते वाक्य स्वतःच्या हाताने एका रकान्यातून दुसऱ्यात हलवलं, तर ते कायमचं सैल होतं.

तिसऱ्या आठवड्यात पत्रकांसाठीचा तक्ता सुरू होतो: आपल्या शहरात कोणता कचरा कसा वेगळा करतात, ते प्रत्येक बाजूने मांडायचं. ओसाकाच्या मुलांनी आपला तक्ता प्रकार आणि वारांप्रमाणे मांडला: जाळायचा कचरा या वारी, प्लॅस्टिक त्या वारी, पेयाच्या बाटलीचं झाकण काढायचं, वेष्टन सोलायचं, बाटली विसळायची, मग ठरलेल्या जागी ठेवायची. पुण्याच्या मुलांनी लिहिलं: ओला, सुका, घातक. प्लॅस्टिकची बाटली सुक्यात. त्या ओळीसमोर पलीकडून एक प्रश्न आला: तुमच्याकडे बाटली कोण धुतं?

गटातल्या कुणालाच उत्तर माहीत नव्हतं. घरी कुणी धूत नाही, एवढं माहीत होतं. मग दोघं जण सकाळी लवकर उठून कोथरूडमधल्या आपल्या गल्लीत कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींबरोबर चालले. मावशी ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद. कचरावेचकांची संघटना असलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये स्थापन झाली. तिच्यातून ‘स्वच्छ’ आकाराला आली आणि 2008 मध्ये पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. हे मुलांनी वाचलं होतं. पण मावशी ढकलगाडीशेजारी उकिडव्या बसून पुठ्ठा वेगळा, काच वेगळी, पत्रा वेगळा, दुधाची पिशवी वेगळी करतात, ते त्यांनी शेजारी बसून पहिल्यांदा पाहिलं. बरबटलेल्या मालाला भंगारवाला भाव कमी देतो, म्हणून दुधाच्या पिशव्या त्याच झटकतात, बाटल्यांतलं उरलंसुरलं त्याच ओततात. मुलं कशासाठी विचारताहेत हे कळल्यावर मावशींनी उलट विचारलं, ‘तिकडं मग निवडतं कोण?’ मुलांनी सांगितलं, घरातलेच निवडतात. ‘अन् मग बायकांना काम काय राहतं?’

हा प्रश्न मुलांनी जसाच्या तसा ओसाकाला पाठवला. त्या तासाला पलीकडची शांतता वेगळी होती. सगळे विचार करत होते.

तोवर आमच्या मुलांना जपान म्हणजे कामिकात्सु वाटत होतं. शिकोकू बेटावरच्या त्या गावाने 2003 मध्ये शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला आणि तिथे कचरा 40 हून अधिक प्रकारांत वेगळा केला जातो. ओसाकाच्या मुलांनी सांगितलं, की ते गाव त्यांनाही बातम्यांतूनच माहीत आहे. जपानमधला बहुतांश घरगुती कचरा जाळला जातो, स्वयंपाकघरातला ओला कचराही. त्यांनी माइशिमाच्या भट्टीचं छायाचित्र दाखवलं. हुंडर्टवासर या ऑस्ट्रियन कलावंताने रचलेली ही रंगीबेरंगी इमारत 2001 मध्ये पूर्ण झाली. आमच्या मुलांना ती करमणुकीची बाग वाटली. पुण्यात सोसायट्यांच्या आवारात ओल्या कचऱ्याचं खत करतात, हे पलीकडच्यांना नवीन होतं. कोण पुढे आणि कोण मागे, हा हिशेब त्या दिवशी कुणालाच मांडता येईना.

पॉला कॅलिजुरी या अमेरिकी अभ्यासिकेने सांस्कृतिक चपळाईवर लिहिलं आहे. परक्या माणसांबरोबर काम करताना तीन वाटा असतात, असं त्या म्हणतात: समोरच्याच्या रीतीला जुळवून घेणं, आपली रीत न सोडणं, किंवा दोघांची मिळून तिसरी घडवणं. चपळाई म्हणजे कोणत्या वेळी कोणती वाट धरायची याची समज. आमच्या वर्गात या तिन्ही वाटा दिसल्या. पलीकडच्यांना विचाराला वेळ हवा, हे कळल्यावर आमच्या मुलांनी प्रश्न दोन दिवस आधी सामाईक फाइलमध्ये लिहून ठेवायला सुरुवात केली आणि उत्तरं भरभरून येऊ लागली. ही पहिली वाट. ओसाकाच्या गटाने पत्रकासाठी मावशींचं काम करतानाचं छायाचित्र मागितलं, तेव्हा आमच्या मुलांनी मावशींना विचारल्याशिवाय देणार नाही असं ठामपणे कळवलं. मावशी म्हणाल्या, ‘हात दिसू द्या, तोंड नको.’ तसंच छायाचित्र गेलं. ही दुसरी वाट. आणि तक्त्यात वारही राहिले नाहीत, ओला-सुकाही नाही. नवा रकाना आला: यानंतर ही वस्तू कुणाच्या हातात जाते? तो कुणा एका गटाने आणला नव्हता.

ओसाकाच्या मुलांनी लिहिलेल्या पुण्याच्या पत्रकात पहिली सूचना आहे: बाटली रिकामी करून विसळून द्या, कारण पुढे ती एका माणसाच्या हातात जाणार आहे. इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आमच्यापैकी कुणी ही सूचना पहिली लिहिली नसती.

हे करायला मोठा निधी लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि तो आज कुठल्याही कार्यभारात मोजला जात नाही. करारांची संख्या अहवालात येते. पलीकडच्या शिक्षकाबरोबर एकेक प्रश्न घासूनपुसून ठरवण्यात गेलेल्या संध्याकाळी येत नाहीत. महाविद्यालयांना खरोखर मुलांना जगासाठी तयार करायचं असेल, तर त्यांनी हा वेळ वेळापत्रकात धरावा, प्रत्येक विषयातला एखादा घटक परक्या वर्गाबरोबर मिळून शिकवण्याची मुभा द्यावी आणि त्याचे गुण धरावेत. परदेशी जाण्याची संधी मोजक्यांना मिळते. परक्या माणसाला नीट विचारणं आणि त्याच्या प्रश्नाने आपलं घर नव्याने पाहणं मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवता येतं, आणि ते शिकवणं आमचं काम आहे.