मडक्याची खूण आणि दुकानाची फळी

विरार स्थानकाच्या पश्चिमेकडून आगाशीच्या श्री मुनिसुव्रतस्वामींच्या तीर्थाकडे निघालेला यात्रेकरू बोळिंजवरून पुढे जातो. एके काळी या परिसरात केळी, पानवेली आणि फुलझाडांच्या वाड्या होत्या व त्यांना पाणी पुरविणाऱ्या विहिरी आणि बावखले होती. जमिनीतील गोडे पाणी ज्यांत झिरपून साठते, अशा तळीवजा खोलगट जागांना वसई भागात बावखल म्हणतात. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. वाड्यांच्या जागी उंच इमारती आल्या आणि प्रत्येक घरातून धुण्याभांड्यांचे पाणी रोज बाहेर पडू लागले. बोळिंज येथे महापालिकेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. तथापि संपूर्ण शहराचे सांडपाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. उरलेले नाल्यांवाटे खाडीकडे व पुढे समुद्राकडे जाते, वाटेत जमिनीत मुरते. त्यामुळे धुलाईच्या पुडीत नेमके काय आहे, हा प्रश्न पुडी वापरणाऱ्या गृहिणीइतकाच ती विकणाऱ्या दुकानदाराचाही आहे.

धुलाई चूर्णाचा मुख्य घटक म्हणजे मळ सोडविणारे द्रव्य. आपल्याकडील कारखानदार ज्याला ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात, त्यापासून ते बहुधा तयार होते. १९५० च्या दशकात जगभर वापरले जाणारे असे द्रव्य पाण्यातील सूक्ष्म जीवांना सहजी विघटित करता येत नसे. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे ढीग तरंगू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकेतील उद्योगांनी १९६५ च्या सुमारास स्वतःहून रचना बदलली, आणि लवकर विघटन पावणारे द्रव्य प्रचारात आले. मळ पूर्वीसारखाच निघत राहिला. नद्यांवरचा फेस मात्र ओसरला.

दुसरा घटक फॉस्फेट. पाणी जड असले तरी साबण नीट काम करावा म्हणून तो घालतात. परंतु फॉस्फेट हे वनस्पतींचे खतही आहे. तळ्यात ते साचले की शेवाळ व जलपर्णी माजते, ती कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरून मरतात. आपल्या नद्या-तळ्यांवर पसरणाऱ्या जलपर्णीमागे मैलापाणी व शेतीतील खते आहेतच; धुण्याच्या पाण्यातील फॉस्फेट त्यात भर घालते.

तिसरा घटक नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट. व्यापारात तो ‘एनपी-९’ अशा नावांनी मिळतो व द्रवरूप साफसफाईच्या मालात वापरला जातो. त्याचे विघटन अर्धवट होते आणि मागे उरणारे नोनिलफिनॉल मूळ द्रव्यापेक्षा जलचरांना अधिक घातक ठरते. त्यांच्या शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ते ढवळाढवळ करते. युरोपीय संघाने २००५ पासून सफाईच्या मालात त्याचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत आणले. दिल्लीतील टॉक्सिक्स लिंक या संस्थेने केलेल्या तपासणीत भारतीय बाजारातील डिटर्जंटमध्ये आणि नद्यांच्या पाण्यातही नोनिलफिनॉल आढळले आहे.

अशा घटकांना आवर घालण्याचे दोन मार्ग असतात. एक बंदीचा, दुसरा सन्मानाचा. जर्मनीने १९७८ मध्ये ‘ब्लू एंजल’ ही खूण सुरू केली. पर्यावरणास कमी बाधक अशा मालाला सरकारी मान्यतेची खूण देण्याचा तो जगातील पहिला मोठा उपक्रम. युरोपीय संघाची फुलाची खूण १९९२ मध्ये आली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ मध्ये डिटर्जंट उद्योगासाठी खास योजना काढली. जे कारखानदार नोनिलफिनॉलवर आधारित द्रव्ये सोडून लवकर व निर्धोकपणे विघटन पावणारी द्रव्ये स्वेच्छेने वापरतील, त्यांना जाहीर मान्यता मिळे. संपूर्ण बदल करणाऱ्यास ‘चॅम्पियन’ आणि त्या दिशेने ठोस प्रयत्न करणाऱ्यास ‘पार्टनर’ असे दोन दर्जे होते. या संस्थेची मालावर लावण्याची खूण २०१५ पासून ‘सेफर चॉइस’ या नावाने ओळखली जाते.

भारत या बाबतीत मागे नव्हता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी १९९१ मध्येच ‘इकोमार्क’ योजना जाहीर केली. तिची खूण म्हणजे मातीचे मडके. मडके मातीपासून घडते, त्याच्या घडणीत विषारी कचरा निघत नाही आणि फुटले की ते पुन्हा मातीस मिळते. याहून समर्पक चिन्ह सापडणे कठीण! योजनेच्या सुरुवातीच्या वर्गांतच साबण व डिटर्जंट होते. मालाची गुणवत्ता आणि पर्यावरणाचे निकष या दोन्ही कसोट्यांना उतरणाऱ्यास भारतीय मानक ब्युरोकडून ही खूण मिळे.

तरीही आपल्या घरात मडक्याची खूण असलेली साबणाची वडी कितीजणांनी पाहिली असेल? योजना ऐच्छिक होती. तपासणीचा खर्च कारखानदाराने सोसायचा, आणि ग्राहकाला ती खूण ठाऊकच नव्हती. ग्राहक मागत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही, दुकानदार ठेवत नाही म्हणून कारखानदार अर्ज करीत नाही. या चक्रात परवाने फारच थोडे निघाले. सन्मान देण्यास सरकार तयार होते. त्या सन्मानाचे मोल करणारा बाजार उभा राहिला नाही.

आता ही संधी दुसऱ्यांदा आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रालयाने नवे इकोमार्क नियम अधिसूचित केले आणि जुन्या योजनेची जागा त्यांनी घेतली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ भारतीय मानक ब्युरोच्या साहाय्याने त्यांची अंमलबजावणी करते. पुढच्याच महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ‘हरित’, ‘निसर्गस्नेही’ असे शब्द छापणाऱ्यास आता त्याचा आधार दाखवावा लागतो.

हे आवश्यकच होते, कारण ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असे समीकरण खरे नाही. रिठ्याचा फेस हातांना सौम्य वाटतो. पण त्यातील सॅपोनिन माशांना विषारी असते. सॅपोनिनयुक्त वनस्पती पाण्यात कुटून मासे गुंगवण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती, ती याच गुणामुळे. म्हणून वेष्टनावरील हिरव्या पानाच्या चित्रापेक्षा तपासणीअंती मिळालेली खूण अधिक विश्वासार्ह मानावी.

आपल्या समाजात पाणी गाळून वापरण्याची आणि गाळण्यात आलेली जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत सोडण्याची रीत आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणले आहे. पाणी घेताना जपलेली ही दक्षता पाणी सोडताना कोठे जाते? गाळलेल्या एका तांब्यातील जीव आपण जपतो आणि बादलीभर फेसाळ पाणी मोरीतून नाल्यात जाताना त्याचा विचारही मनात येत नाही.

व्यापारी या साखळीच्या मधोमध उभा आहे, आणि तेच त्याचे सामर्थ्य आहे. किराणा दुकानदाराने घाऊक विक्रेत्याकडे घटकांची यादी व सुरक्षा माहितीपत्रक मागावे. सुट्टे, बिननावाचे द्रावण विकताना तर अवश्य. वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवली भागात लघुउद्योग आहेत. साफसफाईची द्रावणे बनविणाऱ्याने एनपी-९ ऐवजी अल्कोहोल इथॉक्सिलेट वापरण्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. धुलाईच्या कामासाठी हा पर्याय जगभर रुळला आहे. संघांच्या भोजनशाळा, धर्मशाळा, रुग्णालये व शाळा साफसफाईचा माल घाऊक घेतात. त्यांनी खरेदीच्या अटींत ‘नोनिलफिनॉल व फॉस्फेट नको, इकोमार्क असल्यास प्राधान्य’ एवढी एक ओळ घातली, तरी कारखानदारास अर्ज करण्याचे कारण मिळेल.

घरातही काही गोष्टी आजच करता येतात. चूर्ण अंदाजाने न ओतता मापाने घालावे. फेस अधिक म्हणजे स्वच्छता अधिक, असे नसते. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू माणसाच्या जिवावर बेततो.

आपल्या पूर्वजांनी व्यापारात नाव मिळविले ते वजन-मापाच्या सचोटीवर. तराजूत जे दिसते त्याचा हिशेब त्यांनी चोख ठेवला. पुडीतल्या ज्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांचा हिशेब ठेवणे आता आपल्या पिढीकडे आले आहे. पुढच्या वेळी माल भरताना विक्रेत्याला एवढेच विचारावे: “यावर मडके आहे का?” आज उत्तर ‘नाही’ असे येईल. हाच प्रश्न दहा दुकानांतून गेला, तर उत्तर बदलण्याची गरज त्यालाच वाटू लागेल.