घरातील दीर्घ आजार : लेखांक सातवा
खोकणारी छाती आणि खचलेले मन

मागील लेखांकात अर्धांगवायूच्या रुग्णाची घरी करावयाची शुश्रूषा आपण विचारात घेतली. या लेखांकाचा विषय त्याहून नाजूक आहे, कारण येथे आजार एक दिसतो आणि असतात दोन. वडील किंवा आई फुप्फुसाच्या जुनाट संसर्गाने वर्षानुवर्षे खोकत आहेत, औषधपाण्याची सर्व तजवीज मुलांनी केली आहे, आणि तरीही गोळ्यांचे पाकीट उशाशी तसेच पडून राहते, ताट अर्धे परत येते, दवाखान्याची तारीख टळते. अशा वेळी घरची माणसे त्याला म्हातारपणाचा हट्ट समजून रागावतात, विनवण्या करतात, शपथा घालतात आणि शेवटी दमून गप्प बसतात. माझे प्रतिपादन असे, की यातील पुष्कळसा हट्ट हा हट्ट नसून विषण्णतेचा विकार असतो, आणि छातीच्या विकाराइतकाच तोही डॉक्टरांपुढे मांडण्याचा व उपचाराने बरा करण्याचा विषय आहे.

हा प्रश्न म्हसवडसारख्या गावी विशेष का जाणवतो, हे समजण्यासाठी माणदेशाचा संसार कसा चालतो ते पाहिले पाहिजे. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत पडलेल्या या मुलखात शेतीने वर्षभराच्या भाकरीची हमी कधीच दिली नाही. म्हणून येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडले, कोणी मुंबईच्या गिरण्यांत, कोणी विहिरींच्या खोदकामावर आणि खडी फोडण्यावर, आणि माण, खटाव, खानापूर, आटपाडी या तालुक्यांतील कितीएक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात केरळ-तामिळनाडूपासून दिल्लीपर्यंत पांगली. गिरणीत कापसाची तूस, खडीच्या कामात दगडाची बारीक धूळ, गलाईच्या कोंदट खोलीत नत्राम्लातून उठणाऱ्या तांबूस वाफा, आणि मागे घरी राहिलेल्या आईच्या वाट्याला चुलीचा धूर. यांपैकी प्रत्येकाने फुप्फुसाचे कायमचे नुकसान होऊ शकते, आणि दगडाच्या धुळीने जर्जर झालेल्या छातीत क्षयाचे जंतू अधिक सहज मूळ धरतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. साठीच्या सुमारास हा माणूस गावी परततो. मुलगा मात्र अशाच एखाद्या धंद्यापायी परगावी असतो, आणि मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेला आला म्हणजे वर्षभरात वडील किती उतरले हे एकदम त्याच्या ध्यानी येते.

छातीत नेमके काय बिघडलेले असते? क्षयाचा उपचार साधारणपणे सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. तो पुरा झाला, थुंकीत जंतू सापडेनासे झाले, म्हणजे क्षय बरा झाला असे मानतात, आणि ते योग्यच आहे. परंतु जंतू गेले तरी त्यांनी पाडलेले वण जात नाहीत. श्वासनलिकांच्या भिंती सैल पडून त्या जागोजाग कायमच्या रुंदावतात, आणि उन्हाळ्यात माणगंगेच्या पात्रात वाहते पाणी आटून डबकी तेवढी उरावीत, तसा या रुंद जागांत कफ साचून राहतो व त्यात नवे जंतू वाढतात. मग दर दोन-चार महिन्यांनी ताप, हिरवट-पिवळा बेडका, धाप. भारतात श्वासनलिका अशा रुंदावण्याचे सर्वांत मोठे कारण पूर्वी होऊन गेलेला क्षय हेच आहे. हा उरलेला विकार क्षयासारखा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, ही गोष्ट घरोघर कळली पाहिजे. पण ताप व खोकला पुन्हा सुरू झाल्यास क्षयच उलटला नाही ना, याची खातरजमा थुंकीच्या तपासणीने दर वेळी करून घेणेही तितकेच आवश्यक आहे.

आता मनाकडे वळू. भूक जाणे, वजन घटणे, झोप मोडणे, थकवा ही छातीच्या संसर्गाची लक्षणे आहेत आणि विषण्णतेचीही आहेत. म्हणूनच डॉक्टरांचीसुद्धा फसगत होते आणि सगळा दोष छातीच्या माथी मारला जातो. निवाडा करावा तो इतर खुणांवरून. पूर्वी ज्यांत जीव रमत असे त्या गोष्टी सुटल्या काय? नातवंड जवळ आले तरी चेहरा हलत नाही काय? पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही काय? ‘कशातच मन लागत नाही’, ‘पोरांवर भार झालोय’, ‘आता किती दिवस काढायचे’ असे बोल वारंवार कानी पडतात काय? ही अवस्था दोन आठवडे बहुतेक दिवस सतत टिकली, तर तो स्वभाव नव्हे, वयही नव्हे. तो आजार आहे.

आणि त्या आजाराला घरचे वर्तन कित्येकदा हातभार लावते, हे मला स्पष्टपणे लिहिले पाहिजे. या भागात मी अशी घरे पाहिली आहेत, की जेथे बापाचा क्षय बरा होऊन काळ लोटला तरी त्याची जर्मनची थाळी अजून वेगळी, खाट गोठ्यालगतच्या खोलीत, आणि नातवाने उंबरा ओलांडला की आतून हाक येते. अशा एका खोलीत सून पितळी सारून म्हणाली, “आबा, दोन घास खाऊन गोळी घ्या.” आबा भिंतीकडेच पाहत म्हणाले, “ठेव तिथं. मागनं घेतो.” ती गेल्यावर त्यांनी गोळी उशीखाली सारली. या माणसाला औषधाचा कंटाळा आला होता असे कोणी म्हणेल. मला दिसले ते असे, की ज्याच्यासाठी बरे व्हावयाचे ते घरच त्याच्यापासून दूर गेले होते. क्षय भांड्यांतून पसरत नाही. तो खोकल्याशिंकांतून उडणाऱ्या सूक्ष्म कणांनी, कोंदट हवेत पसरतो, आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रुग्णाकडून होणारा संसर्ग बहुतेक ओसरतो. तोवर तोंडावर फडके, उघडी खिडकी आणि झाकणाच्या भांड्यात थुंकणे एवढा बंदोबस्त पुरे. ताट वेगळे करण्याचे काही कारण नाही.

रुग्णाला घरापासून तोडण्याची ही रीत एके काळी शास्त्रसंमत होती, हेही ध्यानात घ्यावे. याच सातारा जिल्ह्यात पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर आरोग्यधाम उघडले. मिरजेजवळ वानलेसवाडीस मिशनचे क्षयरुग्णालय उभे राहिले. औषध नव्हते त्या काळी थंड हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच इलाज होता, आणि या संस्थांनी असंख्यांना आधार दिला. पुढे औषधे आली, आणि १९५६ साली मद्रासला स्थापन झालेल्या क्षयोपचार केंद्राने रुग्णांचे दोन गट पाडून एकास रुग्णालयात ठेवले व दुसऱ्यास त्याच्या गरीब, दाटीवाटीच्या घरीच औषध दिले. १९५९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगाच्या वैद्यकाला कलाटणी देणारा ठरला : औषधे नियमित घेतली तर घरी राहणारा रुग्ण रुग्णालयातील रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्या मंडळींना त्यामुळे अधिक धोका पोचत नाही, हेही पुढे दिसून आले. तेव्हापासून क्षयरोग्याची सेवा ही घराची जबाबदारी झाली. घराने ती पत्करली खरी, परंतु रुग्णाच्या मनाची तरतूद कोणी केली नाही.

या दोन आजारांचा संबंध औषधांच्या इतिहासातही विलक्षण रीतीने आला आहे. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयावर इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध देऊन पाहत असता, मरणपंथाला लागलेले रुग्ण उल्हसित होऊन हिंडूफिरू लागले, आणि त्या निरीक्षणातूनच पुढे विषण्णतेवरील पहिल्या औषधांपैकी एक हाती आले. यकृताला अपाय होतो म्हणून ते नंतर मागे पडले. परंतु मनाचा खेद ही केवळ उपदेशाने घालवण्याची गोष्ट नसून शरीरातील रसायनांशीही तिचा संबंध आहे, याची पहिली खूण क्षयाच्या दालनात मिळाली, हे विसरता कामा नये.

याची दुसरी बाजू अशी, की क्षयाची काही औषधे मनावर परिणाम करतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात पूर्वापार वापरले जाणारे सायक्लोसेरिन कित्येकांना विषण्ण करते, क्वचित भ्रमही उत्पन्न करते. त्याच क्षयातील लिनेझोलिड हे विषण्णतेवरील काही गोळ्यांबरोबर घेतल्यास अपायकारक ठरू शकते. आणि नेहमीच्या उपचारातील रिफाम्पिसिन यकृतावर असा अंमल करते, की इतर अनेक औषधांचा प्रभाव त्याने कमी पडतो. म्हणून छातीचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर यांची औषधे एकाच कागदावर उतरून दोघांनाही दाखवणे हे मुलाचे पहिले कर्तव्य. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. हे आधी न सांगितल्यामुळे, आपल्याला रक्त जाते आहे अशा भीतीने मनातल्या मनात मरण पाहणारे वृद्ध असतात. एका वाक्याने टळणारे दुःख! विषण्णतेवरील गोळ्यांचा गुण यावयास दोन ते चार आठवडे लागतात, हेही अगोदर सांगावे. नाहीतर आठव्या दिवशीच ‘काही उपयोग नाही’ म्हणून त्या बंद पडतात.

रोजच्या शुश्रूषेत मला सर्वांत मोलाची वाटते ती कफ काढण्याची वेळ. सकाळी, न्याहारीपूर्वी, फुप्फुसाचा जो भाग बिघडला असेल त्यानुसार डॉक्टर किंवा व्यायामोपचारतज्ज्ञ सांगतील त्या कुशीवर रुग्णाला निजवावे, तळहाताची ओंजळ करून पाठीच्या त्या भागावर हलके हलके थोपटावे, मग त्याला उठवून दीर्घ श्वास घ्यावयास लावावा आणि तोंड उघडे ठेवून, काचेवर वाफ धरावी तसा ‘हाऽ’ करून तो जोराने सोडावयास सांगावा. दोन-तीन वेळा असे झाले की कफ वर सरकतो व थोड्या खोकल्यात सुटतो. धाप लागली असेल तर पुढे वाकून, कोपरे मांड्यांवर टेकवून बसवावे आणि शीळ घालावी तसे ओठ करून श्वास हळूहळू सोडावयास लावावे. यात छातीचा लाभ आहेच. पण ज्याला महिनोन्‌महिने कोणी हात लावला नाही त्याच्या पाठीवर पोटच्या पोराचा हात पडतो, त्याचा लाभ वेगळाच. त्या वेळी उपदेश करू नये, ‘मन खंबीर करा’ असे म्हणू नये. पावसाचे, बाजाराचे, शेळ्यांचे बोलावे. गावच्या माणदेशी तरंग वाहिनीवर आपल्याच बोलीतला कार्यक्रम लागला असेल तर रेडिओ जवळ ठेवावा. दिवसातून एक लहानसे काम, दोरी वळण्याचे, शेंगा फोडण्याचे, नातवाला उजळणी म्हणावयास लावण्याचे, त्यांच्याकडे खरोखरीचे काम म्हणून सोपवावे. विषण्ण माणसाला आधी उत्साह येऊन मग हात हलत नाहीत, हात हलू लागल्यावर उत्साह मागाहून येतो.

एका बाबतीत संकोच घातक आहे. वडिलांच्या तोंडी मरणाची भाषा येऊ लागली तर त्यांना शांतपणे, सरळ विचारावे, “आबा, जीव द्यावा असं मनात येतंय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने बहुधा ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आले, तर त्यांना एकटे ठेवू नये, फवारणीच्या औषधांचे डबे त्याच क्षणी घरातून हलवावेत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. थुंकीतून रक्त पडल्यासही असाच विलंब करू नये.

जे पुत्र परगावाहून पैसे पाठवतात आणि फोनवरून ‘गोळ्या का घेत नाही’ म्हणून दरडावतात, त्यांना माझी विनंती आहे : दरडावणे थांबवा, आणि घरी ज्या बहिणीवर, बायकोवर किंवा आईवर ही शुश्रूषा पडली आहे तिला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळेल अशी व्यवस्था करा, कारण ती खचली तर दोन रुग्ण होतील. क्षयाचा उपचार चालू असेल तर सरकारी नोंद करून घ्या. औषधे मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेत आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आहे. म्हसवडहून दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करीत साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय गाठावयाचे म्हणजे धाप लागणाऱ्या माणसाचा दिवस मोडतो, तरी एकदा तेथवर त्यांच्याबरोबर स्वतः जा. तोवर, आणि त्यानंतरही, मनाच्या तक्रारीसाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. ती विनामूल्य आहे, मराठीतून बोलता येते, आणि रुग्णाप्रमाणे त्याची काळजी वाहणाराही तेथे फोन करू शकतो.